जिओकॅशिंगचा नाद: आकडा आपल्याला पळवायला लागला की काय करायचं

जिओकॅशिंग म्हणजे कोणीतरी लपवलेला डबा (‘कॅश’) जीपीएसच्या अक्षांश-रेखांशावरून शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि ॲपवर शोध नोंदवायचा. आता ॲप न उघडता एक करून पाहा. तुम्हाला सापडलेले शेवटचे दहा डबे कागदावर लिहा: जागा कोणती होती, डबा कसला होता, कशाच्या आड होता. सात-आठ आठवले तर छंद ठणठणीत आहे. तीन-चारच्या पुढे गाडी सरकत नाही, पण एकूण शोधांचा आकडा मात्र शेवटच्या अंकापर्यंत तोंडपाठ आहे, तर नाद लागलेला आहे. तो सोडा असं इथे कोणी सांगणार नाही. पण तो कोणत्या दाराने आत आला ते शोधून तेवढं दार ओढून घेता येतं, आणि त्याची रीत आहे.

(पुढे ‘कॅश’ऐवजी बहुतेक ठिकाणी ‘डबा’ म्हटलंय. मराठी घरात ‘कॅश शोधायला चाललोय’ म्हटलं की लोक एटीएम बंद आहे का विचारतात.)

खेळ सुरू झाला तेव्हा त्यात आकडा नव्हता. 2 मे 2000 ला अमेरिकेने जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. बादलीत पुस्तकं, थोडे पैसे, बीन्सचा डबा, गलोल असं काहीबाही होतं. नियम एवढाच, की काही घ्या, काही ठेवा. जिओकॅशिंग डॉट कॉम ही साइट 2 सप्टेंबर 2000 ला आली. आज तुमच्या खात्यावर एकूण शोध, सलग दिवस, 81 घरांचा तक्ता, 366 दिवसांचं कॅलेंडर, देशांचे नकाशे सगळं दिसतं. यातलं प्रत्येक कोष्टक एकेका माणसाला धरतं. सगळी कोष्टकं एकाच माणसाला धरतायत असं सहसा होत नाही, आणि हीच सोय आहे.

पहिलं काम: एक महिन्याची वही

उपाय लगेच सुरू करू नका. आधी 30 दिवस नोंद ठेवा. वहीत सहा रकाने पुरतात: तारीख-वेळ, जाऊन-येऊन किलोमीटर, घराबाहेर गेलेली मिनिटं, खर्च, सापडला की नाही, आणि शेवटचा रकाना ‘आकडा कुठेच दिसणार नसता तर गेलो असतो का?’ त्यात फक्त हो किंवा नाही लिहायचं आणि ते त्याच रात्री लिहायचं. आठवड्याने लिहिलं की सगळंच ‘हो’ वाटतं.

महिनाअखेरीस ‘नाही’वाल्या ओळी वेगळ्या काढा. त्यांचा एक ढीग कुठेतरी जमलेला दिसतो. सगळ्या रात्री दहानंतरच्या आहेत का? मग पहिलं नाव लावण्याची घाई आहे. सगळे सोपे, रस्त्याकडेचे, पाच मिनिटांत उरकलेले आहेत का? मग एकूण आकडा किंवा साखळी. एकाच डब्यासाठी दोनशे किलोमीटर? मग तक्त्यातलं रिकामं घर. पुढचं सगळं वाचू नका, आपल्या ढिगाचा भाग वाचा.

साखळी: सलग दिवसांचा फास

रोज निदान एक डबा. ऐकायला गोड, पण हिशेब करून पाहा. दोन डब्यांमध्ये किमान 161 मीटर (दशांश मैल) अंतर हवं असा नियम आहे. भूमितीने कितीही दाटीवाटीने बसवले तरी एका चौरस किलोमीटरमध्ये 44 च्या आसपासच मावतात, आणि एवढी दाटी पॉवर ट्रेलच्या, म्हणजे रस्त्याकडेने ओळीने ठेवलेल्या डब्यांच्या, सरळ रेषा सोडल्या तर कुठे नसते. तुमच्या भागात चौरस किलोमीटरला सरासरी 2 डबे आहेत असं धरा. वर्षाची साखळी करायला 365 डबे म्हणजे 182 चौरस किलोमीटर, म्हणजे घरापासून साडेसात किलोमीटरच्या वर्तुळातला प्रत्येक डबा. शेवटच्या तीन महिन्यांत उरतात ते वर्तुळाच्या कडेचे, अवघड आणि हरवलेले. साखळी दोनशे दिवसांनंतर छळायला लागते ती आळसामुळे नव्हे, या गणितामुळे. म्युनिक, प्राग किंवा सिएटलच्या आसपास हे निदान शक्य तरी आहे. पुण्या-मुंबईत डबे इतके विरळ आहेत की साखळीचा विचारच करू नये.

करायचीच असेल तर सुरू करण्यापूर्वी शेवट ठरवा. 31, 100 किंवा 366, यांपैकी एक आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि घरातल्या कोणाला तरी दाखवा. मग राखीव साठा करा. घरापासून 3 किलोमीटरच्या आतले दहा डबे, अवघडपणा आणि वाट (डब्याचे 1 ते 5 मधले दोन गुण: शोधणं किती कठीण आणि पोचणं किती कठीण) दोन्ही 1.5 च्या आत, गेल्या 30 दिवसांत कोणाला तरी सापडलेले. यांना एरवी हात लावायचा नाही. ताप आला, ऑफिसात उशीर झाला, बर्फ पडलं, की यातला एक. साठा चारवर आला की येत्या सुटीच्या दिवशी पुन्हा दहा करायचा. तो भरता येत नसेल तर साखळी संपली असं समजा आणि त्याच आठवड्यात स्वतःहून थांबा.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींची साखळी बहुतेक वेळा एकाच ठिकाणी तुटते. भारतात येताना. सॅन फ्रान्सिस्कोहून शुक्रवारी रात्री निघालं की मुंबईत उजाडतो रविवार, शनिवार अख्खा विमानात. लॉगवर, म्हणजे साइटवरच्या शोधाच्या नोंदीवर, तारीख लागते ती डबा जिथे आहे तिथली. त्यामुळे इथे घड्याळाची चलाखी चालत नाही. फ्रँकफर्टला आठ तासांचा थांबा घेऊन, विमानतळाबाहेर पडून एक डबा गाठणारे लोक आहेत. व्हिसा, सामान आणि सोबतचं लहान मूल यांचा विचार केला तर माझं मत सरळ आहे: तिकीट काढलं त्या दिवशी साखळीचा शेवटही त्याच तारखेला ठरवून टाकावा. ठरवून संपवलेली साखळी डोक्यात राहत नाही. तुटलेली मात्र राहते, आणि माणूस परत आल्यावर ‘पुन्हा पहिल्यापासून’ करतो.

एफटीएफ: पहिलं नाव आपलं

नव्या डब्याच्या वहीत पहिलं नाव लावणं म्हणजे एफटीएफ. आधी एक गोष्ट लक्षात घ्या. याची अधिकृत मोजदाद कुठेच नाही. साइटच्या आकडेवारीत तसा रकाना नसतो, लोक आपापल्या यादीत ठेवतात. तरी रात्री अकराला पजाम्यावर गाडी काढायला लावणारा प्रकार हाच.

इथे इच्छाशक्तीवर विसंबू नका, फोनची मांडणी बदला. प्रीमियम, म्हणजे पैसे भरलेल्या, सदस्यांना नवीन डबा प्रसिद्ध होताच सूचना येते. त्या सूचनेचं वर्तुळ 10 किलोमीटरवर आणा. प्रकार निवडा: साधे आणि मल्टी (टप्प्याटप्प्याने डब्यापर्यंत नेणारे) ठेवा, कोडीवाले काढा, कारण कोडं रस्त्याकडेला गाडी लावून सोडवणं हा अपघाताचा राजमार्ग आहे. सूचना ईमेलवरच येऊ द्या आणि त्या ईमेलचा आवाज बंद ठेवा. रात्री 10 ते सकाळी 6 फोन मौनात. एवढ्याने निम्मी धावपळ संपते, कारण सूचनेनंतर पहिल्या अर्ध्या तासात निघालो नाही तर दुसरं कोणीतरी पोचलेलं असणार हे मनाला माहीत असतं आणि ते शांत बसतं.

जाणारच असाल तर आणखी एक: नव्या डब्याचे आकडे चुकलेले असू शकतात. पहिला माणूस हा खरं तर तपासनीस असतो. मिनिटाच्या तिसऱ्या दशांश स्थळातला एक अंक म्हणजे उत्तर-दक्षिण 1.85 मीटर, पुण्याच्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम सुमारे 1.76 आणि म्युनिकमध्ये 1.24 मीटर. पहिल्या दशांश स्थळात 3 चा 8 झाला की तोच डबा जवळपास किलोमीटरभर सरकतो. रात्री झुडपात तासभर हात घालत बसण्यापेक्षा लपवणाऱ्याला संदेश पाठवा आणि घरी या.

तक्ते

अवघडपणा 1 ते 5 आणि वाट 1 ते 5, दोन्ही अर्ध्या-अर्ध्या पायरीने, म्हणजे नऊ गुणिले नऊ, 81 घरं. कॅलेंडरची 366. आणि जॅस्मर: मे 2000 पासून प्रत्येक महिन्यात लपवलेला निदान एक डबा. डिसेंबर 2025 पर्यंत हे 308 महिने झाले.

या तिन्हींची मानसिक गंमत अशी की पहिली 80 टक्के घरं काही न करता भरतात. उरलेली घरं मात्र मुद्दाम भरावी लागतात आणि तिथे खर्च एकदम उडी मारतो. 29 फेब्रुवारी राहिली असेल तर 2028 शिवाय इलाज नाही, तिथे धडपडीला जागाच नाही. जॅस्मरमध्ये 2000 च्या उन्हाळ्यातल्या महिन्यांचे डबे जगात मोजके उरलेत आणि त्यांतले बहुतेक अमेरिकेत आहेत. कॅन्ससमधला ‘मिंगो’ 11 मे 2000 चा. युरोपातून किंवा भारतातून हे घर भरायचं म्हणजे विमानाचं तिकीट.

इथला नियम: तक्त्यातल्या रिकाम्या घरासाठी स्वतंत्र प्रवास नाही, दुसऱ्या कारणाने जाणार असाल तर वाट वाकडी करायला हरकत नाही, पण एकूण वेळेच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत. पाच दिवसांच्या सहलीत अर्धा दिवस. आणि वाट 5 असलेलं घर एकट्याने भरायचं नाही. वाट 5 म्हणजे बोट, दोर, डायव्हिंगचं सामान किंवा तसलं काही लागणार हे त्या आकड्यातच लिहिलेलं असतं. यूट्यूबवर गाठी शिकून बीच वृक्षावर चढणाऱ्यांची जर्मनीत कमी नाही.

नाद इथवर गेला की लोक लपवणाऱ्यांना लिहायला लागतात, ‘तुमच्या डब्याची वाट 3 ऐवजी 3.5 करा ना, माझं घर भरतं.’ असं लिहावंसं वाटलं की महिनाभर तक्त्याचं पान उघडू नका. एकाने रेटिंग हलवलं की आधी शोधलेल्या सगळ्यांचे तक्ते हलतात.

एकूण आकडा

सगळ्यात जुना आणि सगळ्यात कंटाळवाणा. पॉवर ट्रेलवर 161 मीटरला एक याप्रमाणे 16 किलोमीटरमध्ये शंभर डबे. गाडीत तिघं असतील, एक चालवतो, एक उतरतो, एक शिक्का तयार ठेवतो, तर दोन मिनिटांना एक पडतो, तासाला तीस. नेवाडातल्या ईटी हायवेवर लोक दिवसरात्र हेच करतात. एकदा करून बघायला मजा येते. पण सीटबेल्ट दर दोन मिनिटांनी काढणं-लावणं टाळण्यासाठी तो न लावणं, मागे न बघता दार उघडणं आणि रात्री दोनला चालवणाऱ्याने डुलकी घेणं, हे तिन्ही धोके याच प्रकारात येतात. नियम करा: सहा तासांवर नाही, दर पन्नास डब्यांनी चालक बदल, अंधार पडला की बंद.

ॲडव्हेंचर लॅब आल्यापासून आकडा आणखी फुगलाय. एका लॅबमध्ये बहुधा पाच थांबे आणि प्रत्येक थांबा एक शोध. डबा नाही, वही नाही, प्रश्नाचं उत्तर टाइप केलं की झालं. शहर बघायला उत्तम. आकड्यासाठी करत असाल तर तुमच्या वहीत पाच थांब्यांना एकच ओळ द्या.

आकड्याच्या नादात तीन वाईट सवयी लागतात. डबा हरवलाय असं ठरवून खिशातली फिल्मची डबी टाकायची आणि ‘सापडला’ लिहायचं. बहुतेक वेळा मूळ डबा दोन मीटरवर असतोच, मग तिथे दोन डबे, दोन वह्या, आणि मालक वैतागलेला. दुसरी, दोन गट करून एकमेकांची नावं लिहायची. तिसरी, घरबसल्या लॉग. तिन्हींना एकच कसोटी: तुमच्या हाताने त्या वहीत नाव आलं का? नसेल तर शोध नाही. वही भिजून लगदा झाली असेल तर तिचा आणि डब्याचा फोटो काढून मालकाला पाठवा, ते चालतं.

नकाशा साफ करणाऱ्यांसाठी एक सोपी सोय आहे आणि ती फार थोडे वापरतात. घराभोवती एकही हिरवं चिन्ह उरू नये म्हणून नको असलेल्या डब्यांमागे जाण्यापेक्षा ते दुर्लक्षित यादीत टाका. प्रीमियममध्ये ती असते, आणि त्या यादीतला डबा नकाशावरून नाहीसा होतो. सुपरमार्केटच्या वाहनतळातला, चार लॉगमध्ये ‘घाण वास’ लिहिलेला डबा तिथे गेला तर कोणाचं काही बिघडत नाही.

कोड्यांचं थोडक्यात. कोड्याचा खरा डबा दाखवलेल्या बिंदूपासून साधारण 3 किलोमीटरच्या आत असतो. उत्तर शेजारच्या जिल्ह्यात पडत असेल तर पद्धत चुकली, पुढे ताणू नका. सोडवलेली पण न शोधलेली कोडी वीसच्या वर गेली की नवीन उघडायचं नाही.

वीस मिनिटांचा नियम

नादाचं खरं दर्शन ग्राउंड झिरोवर, म्हणजे दिलेल्या अक्षांश-रेखांशाच्या जागी, होतं. शेवटचे दहा मीटर. इथे बहुतेक लोक फोनवरच्या सुईच्या मागे गोल फिरतात आणि सुई त्यांच्या मागे. मोकळ्या आभाळाखाली फोन साधारण पाच मीटरने चुकतो, लपवणाऱ्याचाही तेवढाच चुकलेला असतो, झाडी किंवा कातळाच्या भिंतीखाली दोघांचीही चूक वाढते. त्यामुळे:

1. दहा मीटर राहिले की फोन खिशात.

2. तसं जमत नसेल तर 30 मीटर मागे जा, आलात त्याच्या काटकोनातल्या दिशेने पुन्हा या. दोन्ही वाटा जिथे छेदतात तिथून शोध सुरू करा.

3. आता फक्त बघा. मी डबा ठेवला असता तर कुठे? निसर्गात नसलेली गोष्ट शोधा: एकाच आकाराच्या काड्यांचा ढीग, इतरांहून कोरडा दगड, कुंपणाचा एकच नवा बोल्ट.

4. दहा मिनिटं झाली की डब्याच्या पानावरची सूचनेची (हिंटची) ओळ वाचा. ती प्रत्येक अक्षर तेरा घरं सरकवून लिहिलेली असते, ॲप एका टिचकीत उलगडतं. सूचना न वाचता जिंकण्यात शौर्य नाही.

5. शेवटचे पाच लॉग पाहा. ओळीने तीन ‘सापडला नाही’ असतील आणि अवघडपणा 1.5 असेल तर डबा गेलाय.

6. वीस मिनिटं झाली की थांबा. डीएनएफ, म्हणजे ‘सापडला नाही’चा लॉग, नोंदवा, किती वेळ शोधलं आणि कुठे कुठे पाहिलं ते लिहा.

सहावी पायरी वेड लागलेल्या माणसाला जमत नाही. डीएनएफ लिहिला की प्रोफाइलवर डाग पडतो अशी त्याची समजूत असते. खरं उलट आहे: मालकाला डबा हरवल्याचं त्यावरूनच कळतं, आणि तो लॉग न लिहिणारे दहा जण पुढच्या दहांची संध्याकाळ वाया घालवतात.

नॅनो डब्याचा वेगळा त्रास आहे. करंगळीच्या नखाएवढ्या, चुंबक लावलेल्या डबीत सेंटीमीटरभर रुंदीची कागदी पट्टी असते. नखाने ओढली की कडा फाटते आणि फुगलेली पट्टी पुन्हा आत जात नाही. बारीक टोकाच्या चिमट्याने मधला पीळ धरून सरळ वर ओढा. लिहून झालं की टूथपिकवर घट्ट गुंडाळा, टूथपिक हळूच काढा, पट्टी आधी झाकणात बसवा आणि मग डबी झाकणावर फिरवा. उलट केलं तर आट्यात कागद अडकतो आणि पहिल्या पावसात पाणी शिरतं. पेन्सिल वापरा. जेल पेनाची शाई ओलाव्यात पसरते.

जिथे हात घालायचा नाही

नादात माणूस जोखमीचा हिशेब करत नाही, म्हणून तो घरी करून निघावा.

कोकणात, विशेषतः रत्नागिरीच्या सड्यांवर, दगडाखाली फुरसं बसलेलं असतं. दगड उचलायचाच तर पलीकडची कड काठीने धरून स्वतःकडे उचला, म्हणजे उघडी बाजू तुमच्या विरुद्ध दिशेला राहते आणि आतलं काही असेल ते दूर जातं. भोकात हात नाही, आधी टॉर्च, मग काठी. किल्ल्याच्या बुरुजाखाली आग्या मोहोळ दिसलं तर अत्तर, धूर, आरडाओरडा काही नको, आणि त्या बुरुजाचा डबा दुसऱ्या हंगामासाठी ठेवा. चावलाच साप तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, 108 लावायचा.

बव्हेरिया आणि बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये गोचिडीतून मेंदूज्वर पसरतो, त्यावर तीन मात्रांची लस आहे, आणि झाडीत शिरणाऱ्याने ती घ्यावी. गोचिडीतूनच होणाऱ्या लाइम या आजारासाठी घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली बघणं हाच उपाय. गोचीड त्वचेला लागून चिमट्यात धरून सरळ ओढायची, पिळायची नाही. नॅनोचा चिमटा वेगळा ठेवा. जर्मनीत 1 ऑक्टोबर ते 31 मार्च वटवाघळांच्या हिवाळी मुक्कामाच्या गुहांत जायला कायद्याने बंदी आहे. त्या काळात गुहेतला डबा म्हणजे कायदेभंग.

भूमिगत नाले तर नकोच. जून 2018 मध्ये प्रागमध्ये अशाच नाल्यात डबा शोधणारा गट अचानक आलेल्या पावसाच्या लोंढ्यात सापडला आणि जीव गेले. वर ऊन असलं तरी पाच किलोमीटरवर पडलेला पाऊस खाली येतोच.

भारतात आणखी एक भानगड. उपग्रहावरून संदेश पाठवणारी उपकरणं, म्हणजे सॅटेलाइट फोन किंवा इनरीचसारखी यंत्रं, परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. विमानतळावर अशी सापडली तर पोलीस केस होते. परदेशातून येणाऱ्या कॅशरने ते घरी ठेवून यावं. नकाशा दाखवायला फोन पुरतो.

लपवण्याचा नाद

शोधायला काही उरलं नाही की लोक लपवायला लागतात. एका शनिवारी दहा. आणि मग पावसाळा येतो. लपवणाऱ्याचा हिशेब: दोन शनिवार-रविवारांत जेवढ्या डब्यांना प्रत्यक्ष भेट देऊन येता येईल तेवढेच आपले. देखभालीचा लॉग आला की चार आठवड्यांच्या आत काहीतरी करावं लागतं, नाहीतर तपासणारा स्वयंसेवक डबा बंद करतो. सुट्टीत गावी आलात म्हणून गावाकडे लपवून परत न्यू जर्सीला गेलात, तर तो डबा मंजूर होत नाही, जवळ राहणारा राखणदार दाखवावा लागतो.

सह्याद्रीत वर्षातून दोनदा फेरी धरा, मेअखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये. रबरी कडेचे, चारी बाजूंनी खटके असलेले पारदर्शक डबे टिकतात. खाऊचे प्लॅस्टिक डबे पहिल्या जूनमध्ये डबकं होतात. वही झिपच्या पिशवीत, सोबत सिलिकाची पुडी. आत खाण्याचं काही नको. मुंग्या, उंदीर आणि माकडं वास काढत येतात, भले पहिल्या बादलीत बीन्स असोत.

डबा पारदर्शक ठेवण्याचं कारण फक्त पाणी नाही. आपण ‘बेवारस वस्तूंना हात लावू नका’ ही घोषणा ऐकत मोठे झालोय. टेप गुंडाळलेला काळा डबा, पाइपचा तुकडा, वायर, यातलं काहीही पुलाखाली दिसलं की कोणीतरी पोलिसांना फोन करणारच. इंग्लंडमधल्या वेदरबीत 2011 मध्ये असाच एक डबा बॉम्बपथकाने उडवून दिला. झाकणावर मराठीत मोठ्या अक्षरात ‘हा खेळाचा डबा आहे’ असं लिहा, आत चार ओळींची मराठी चिठ्ठी ठेवा. स्टेशन, धरण, छावणी, शाळा आणि प्रार्थनास्थळ यांपासून लांब. संरक्षित किल्ल्यावर दगडाच्या सांध्यात डबा कोंबू नका. 2025 मध्ये बारा मराठा किल्ले जागतिक वारशात गेल्यावर तर नाहीच नाही. किल्ला दाखवायचाच असेल तर मल्टी करा: बुरुजांची संख्या, पायऱ्या, फलकावरचं साल यांवरून आकडे काढायला लावा आणि डबा पायथ्याच्या गावात, मालकाला विचारून, एखाद्या हॉटेलवाल्याच्या अंगणात ठेवा. लोणारसारख्या ठिकाणी तर डबाच नको, खडक बघून प्रश्नांची उत्तरं द्यायची अर्थकॅश होते. उल्केच्या आघाताने बेसाल्टमध्ये झालेलं विवर, प्रश्न आपोआप सुचतात.

सुट्टी घ्यायची तर

वहीत दोन महिने ओळीने अर्ध्याहून अधिक ‘नाही’ आले, किंवा घरातल्यांनी सहलीचं ठिकाण तुमच्यापासून लपवायला सुरुवात केली, तर महिनाभर बंद करा. खातं उडवायचं नाही, शोध कुठे जात नाहीत. क्रमाने असं:

हातातले ट्रॅव्हल बग (एका डब्यातून दुसऱ्या डब्यात फिरणाऱ्या, क्रमांक लावलेल्या वस्तू) पहिल्या आठवड्यात मोठ्या डब्यात सोडा. ते दुसऱ्याचे असतात, एरवीही पंधरा दिवसांपलीकडे ठेवणं बरं नाही. सूचना पूर्ण बंद. ॲप पहिल्या स्क्रीनवरून हलवा. प्रीमियमचं आपोआप नूतनीकरण काढा. तुमच्या डब्यांपैकी जे सांभाळणं जड जातंय ते जवळच्या खेळाडूला दत्तक द्या, उरलेल्यांच्या पानावर देखभाल किती तारखेनंतर करू ते लिहा. भेटीगाठीच्या इव्हेंटला मात्र जा. तिथे गप्पा असतात, आणि नाद लागलेल्या माणसाला त्याच्यासारखेच चार जण भेटले की बरं वाटतं.

परत सुरुवात करताना पहिला डबा मुद्दाम मोठा निवडा, एक लिटरच्या वरचा, चालत जाण्याजोगा, बरोबर मूल असेल तर फारच छान. त्याला आतली वस्तू निवडू द्या आणि तेवढ्याच किमतीची आपली ठेवायला लावा. लॉग तिथेच बसून लिहा, निदान पाच ओळी, वाट कशी होती, कोणतं झाड होतं, कोण भेटलं. ‘शोधाबद्दल आभार’ एवढ्या दोन शब्दांचा लॉग लिहायचा मोह झाला तर पेन्सिल खाली ठेवा, पाणी प्या आणि मग पुन्हा लिहायला घ्या.